पूजा औदुंबराची, हकालपट्टी वटवाघळांची

एखादी गोष्ट अतिशय दुर्मिळ आहे असे सांगायचे असेल तर मराठीत तिला ‘उंबराचे फूल’ म्हणतात. वर्षानुवर्षे न भेटलेला मित्र अचानक दारात उभा राहिला, तर ‘उंबराचे फूलच झालास की रे’ असे म्हणत आपण त्याला घरात घेतो. उंबराला फूल येते, पण ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही, हे आपल्या पूर्वजांनी नेमके हेरले होते. त्या न दिसणाऱ्या फुलाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती मात्र एका अगदी रोखठोक कारणाने.

पश्चिम नागपुरातील आमची वस्ती जुनी. पन्नासेक घरे, मधोमध दत्ताचे लहानसे मंदिर आणि मंदिराला लागून औदुंबराचा वृक्ष. वस्तीतील बहुतेकांपेक्षा तो वयाने मोठा आहे. दत्तजयंतीला त्याच्या पाराभोवती प्रदक्षिणा होतात, गुरुवारी संध्याकाळी तेथे दिवा लागतो. गेल्या उन्हाळ्यात वस्तीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आला : सदर झाड तोडण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करणे. कारणे सर्वांनाच ठाऊक होती. पिकल्या उंबरांचा सडा, त्यावर घोंगावणारी चिलटे, खाली उभ्या केलेल्या मोटारींवर पडणारी विष्ठा आणि रात्री झाडावर येणारी वटवाघळे. एका तरुण मातेने विचारले, “काका, निपाहचं काय? आमची मुलं इथेच खेळतात.” तिच्या स्वरात खरी काळजी होती. दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी तोडगाही सुचविला : मंदिरामागे कुंडीत उंबराचे रोप ठेवू, पूजेला तेवढे पुरे.

हा तोडगा ऐकला आणि मन अस्वस्थ झाले. पूजेपुरते झाड ठेवायचे आणि झाडाचे झाडपण तेवढे वजा करायचे, असा हा हिशेब होता. निर्णय महिनाभर पुढे ढकलावा, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली. त्या महिन्यात जे वाचले, जाणकारांकडून समजून घेतले, ते पुढच्या सभेत मांडले. हा प्रश्न केवळ आमच्या वस्तीचा नाही. विदर्भातीलच नव्हे, महाराष्ट्रातील कोणत्याही गावात आज ना उद्या तो उभा राहणार आहे. म्हणून तेच येथे विस्ताराने मांडत आहे.

फळाच्या पोटातील फुलोरा

आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो, ते सुरुवातीला फळ नसतेच. ती असते एक बंद कुपी. तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो सूक्ष्म फुले दाटीवाटीने लागलेली असतात. वड, पिंपळ, पिंपरी, अंजीर या साऱ्या कुळाची हीच तऱ्हा. फुले आत कोंडलेली असल्याने वारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, मधमाशी पोहोचत नाही, फुलपाखरू तर नाहीच. मग पराग आत जाणार कसा?

यासाठी निसर्गाने एकच दूत नेमला आहे. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला, तिळाहून लहान असा एक कीटक. उंबराचा कीटक वेगळा, वडाचा वेगळा, पिंपळाचा वेगळा. जगात या कुळाच्या साडेसातशेच्या आसपास जाती आहेत आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक जातीचा स्वतःचा असा कीटक आहे. उंबराच्या कीटकाला शास्त्रज्ञ ‘सेराटोसोलेन फ्युसिसेप्स’ म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी उंबरकीटक म्हणू.

कुपी कोवळी असताना तिच्या तोंडाशी असलेल्या खवलेदार छिद्रातून कीटकाची मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की आत जाताना तिचे पंख तुटून पडतात. परतीचा मार्ग बंद झालेला असतो. सोबत आणलेला पराग ती आतल्या फुलांवर ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच तिचे आयुष्य संपते. ज्या फुलांत अंडी, तेथे पुढची पिढी वाढते. उरलेल्या फुलांत बी धरते. काही आठवड्यांनी नव्या पिढीचे नर प्रथम बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. मादीशी मीलन झाल्यावर ते कुपीची भिंत पोखरून वाट करून देतात आणि मरतात. त्या वाटेने पंख असलेल्या माद्या छातीवरील सूक्ष्म खिशांत नवा पराग भरून बाहेर पडतात. यानंतरच उंबर लाल होते, मऊ पडते, गोड होते. आपण उंबर फोडून ‘किडे आहेत’ म्हणून नाक मुरडतो. पण त्या कीटकाच्या कुळाने आधी आपले काम केले नसते, तर त्या फळात रुजणारे एकही बी नसते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंबरावरच वर्षानुवर्षे संशोधन केले आहे. जगातील विज्ञान आपल्या पारावरच्या झाडाचा इतका बारकाईने अभ्यास करते आणि त्या पारावर बसणाऱ्या आपल्याला त्याचा गंधही नसतो, हे मात्र खेदाने नमूद करावे लागते.

अडाण्यांची समजूत आणि कॅलिफोर्नियाचे शहाणपण

कीटकावाचून झाडाचे काय होते, याचा एक बोलका दाखला अमेरिकेत आहे. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बागायतदारांनी तुर्कस्तानातील स्मर्ना भागातून प्रसिद्ध अंजिरांची कलमे मागविली. झाडे उत्तम वाढली, अंजिरेही लागली, पण ती पिकण्याआधीच गळून पडत. स्मर्नाचे शेतकरी आपल्या बागेत रानअंजिरांच्या माळा टांगतात, त्याशिवाय फळ धरत नाही, असे जाणकार सांगत होते. कॅलिफोर्नियातील अनेकांनी ती अडाणी खेडुतांची अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेली. अखेर १८९९ साली रानअंजिरांतील कीटक मुद्दाम आणून तेथे रुजविण्यात आला, आणि मग कोठे त्या बागा फळाला आल्या. टांगलेल्या माळांतून कीटक बाहेर पडून बागेतील अंजिरांत शिरत होते, एवढेच त्या ‘अंधश्रद्धे’चे रहस्य होते.

परंपरेतील प्रत्येक गोष्ट विज्ञानाच्या कसोटीला उतरतेच, असा दावा कोणी करू नये. पण पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या जाणाऱ्या रीतीच्या मुळाशी एखादे निरीक्षण असू शकते, ते तपासण्याआधीच तिला हसणे हे विज्ञान नव्हे, एवढा बोध या कथेतून निश्चित घ्यावा.

एक झाड पुरत नाही

आता कुंडीतल्या रोपाकडे वळू. कुपीतून बाहेर पडलेल्या मादीचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असते. तेवढ्या वेळात तिला उंबराचे दुसरे झाड सापडले पाहिजे, आणि तेही नेमके कोवळ्या कुप्या धरलेले. आंबा सगळीकडे साधारण एकाच हंगामात मोहरतो. उंबर तसे नाही. एक झाड पिकलेले असते तेव्हा दुसरे कोवळ्या कुप्यांवर असते, तिसरे मोकळे असते. या वेगवेगळ्या वेळापत्रकांमुळेच कीटकाला बारा महिने आसरा मिळतो. म्हणजेच कीटकाची साखळी अखंड राहायची, तर परिसरात एक नव्हे, अनेक उंबर हवेत. एक झाड गेले तर एकच झाड जात नाही. उरलेल्या झाडांमधील अंतर वाढते, दीड दिवसाच्या प्रवाशाचा मुक्काम हुकतो. झाडे उभी असतात, पूजाही चालू असते, पण बी धरेनासे होते. असे झाड देवळातील मूर्तीसारखे होते, वंश चालविणाऱ्या वृक्षासारखे राहत नाही.

म्हणूनच वृक्षतोडीचा हिशेब केवळ संख्येने मांडणे अपुरे ठरते. नागरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. २०२१ साली त्यात सुधारणा होऊन ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा देण्याची तरतूद झाली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असे ठरले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु ऐंशी वर्षांच्या उंबराच्या बदल्यात ऐंशी शोभेची झुडपे लावली तर कागदावरचा हिशेब जुळेल, उंबरकीटकाचा हिशेब जुळणार नाही. ‘किती’ यासोबत ‘कोणते’ आणि ‘कोठे’ हे प्रश्नही विचारले गेले पाहिजेत.

नागपूरहून बाहेर पडणारे रस्ते रुंद झाले आणि त्यांच्या कडेचे जुने वड, उंबर, चिंचा गेल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. रस्ते हवेत, याविषयी दुमत नाही. पण रस्ता आणि वृक्ष यांत एकाचीच निवड करावी लागते असे नाही. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. २०२० साली ग्रामस्थ आणि वृक्षप्रेमी उभे राहिले आणि महामार्गाचा आराखडा बदलण्यात आला. नागपुरातही २०२१ मध्ये अजनी परिसरातील झाडांसाठी सामान्य नागरिक पुढे आले होते. मन असेल तर मार्ग वळविता येतो, हे भोसे गावाने दाखवून दिले.

रात्रपाळीचे कामकरी

उंबराचे बी धरण्याचे श्रेय कीटकाचे. पण ते बी झाडाखालीच पडून राहिले, तर मातृवृक्षाच्या सावलीत रुजून काय होणार? ते दूर नेणारा कोणी हवा. दिवसा हे काम हरियाल, धनेश, बुलबुल, माकडे करतात. रात्री ते करतात वटवाघळे. फळ चावून रस शोषायचा, चोथा थुंकायचा, बारीक बिया पोटातून लवकरच, बहुधा उडता उडताच बाहेर टाकायच्या, ही त्यांची रीत. मोठे वटवाघूळ एका रात्रीत कित्येक किलोमीटर हिंडते. उजाड टेकडीवर, पडक्या भिंतीवर, शेताच्या बांधावर जो वड किंवा पिंपळ ‘आपोआप’ उगवलेला दिसतो, तो आपोआप उगवलेला नसतो. या प्राण्याच्या मराठी नावातच ‘वट’ आहे. आपल्या भाषेने त्याची वडाशी सांगड घातली आणि आपण मात्र ती विसरलो.

वटवाघळांचे काम बीजप्रसारावर थांबत नाही. काही वृक्षांची फुले केवळ रात्रीसाठी असतात. आयुर्वेदातील दशमुळे आपल्या घराघरांत परिचित आहेत. बाळंतिणीच्या काढ्यात दशमूळ असते. त्या दहांतील एक श्योनाक, म्हणजे आपला टेटू. त्याची मोठी, मांसल फुले रात्री उमलतात, त्यांना माणसाला न आवडणारा उग्र वास असतो आणि सकाळपर्यंत ती गळूनही जातात. हा सारा थाट वटवाघळांसाठी आहे. फुलातील मधुरस पिताना त्यांच्या डोक्याला व अंगाला पराग माखतो आणि पुढच्या झाडावर पोहोचतो. पांढऱ्या सावरीचेही तसेच. मदुराई येथील संशोधकांनी सावरीच्या फुलांवर वटवाघळे कसे परागीकरण करतात, याच्या नोंदी २००५ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वृक्ष मोह. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांतील वनवासी बांधवांच्या संसाराला मोहाने किती आधार दिला आहे, हे तेथे काम केलेल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गळालेल्या मोहावर फुलांचे घोस लागतात. फूल रात्री उमलते, त्यातील स्त्रीकेसर आधी तयार होते आणि पराग नंतर. त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग आणून देणारा लागतो. काही काम वारा करतो, पण फुलाच्या गोड, रसाळ पाकळ्यांसाठी वटवाघळे थव्याने येतात आणि ती ओरबाडताना एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. दक्षिण भारतातील मोहवृक्षांवर झालेल्या अभ्यासात ही भूमिका स्पष्ट झाली आहे. पुढे फळे पिकली की तीच वटवाघळे बिया दूरवर नेऊन टाकतात. पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचायला निघालेली माउली ज्या झाडाखाली वाकते, त्या झाडाच्या फांदीवर रात्रभर एक पाळी संपलेली असते. २०२१ साली राज्य शासनाने मोहफुलांवरील जुने निर्बंध शिथिल केले, ही चांगली गोष्ट झाली. पण फुलांना बाजार मिळवून देताना मोहाचे वंश वाढविणाऱ्यांना विसरून कसे चालेल?

आपण विसरलो, एवढेच नव्हे, कायद्यानेही त्यांना उपद्रवी ठरविले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या रांगेत फळे खाणारी वटवाघळे होती. म्हणजे त्यांना मारण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पन्नास वर्षांनी कायद्याची चूक सुधारली. मनातली अनुसूची मात्र अजून जशीच्या तशी आहे.

भीती खरी, उपाय खोटा

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळू. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. निपाह हा विषाणू खरा आहे. २०१८ मध्ये केरळात त्याने १७ जणांचे बळी घेतले. फळे खाणारी मोठी वटवाघळे हे त्या विषाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या काही वटवाघळांत या विषाणूच्या खुणा आढळल्या होत्या. हे सत्य झाकून ठेवून वटवाघळांचे गुणगान करणे योग्य नाही.

परंतु रोगाचे कारण समजले म्हणजे उपायही समजला असे होत नाही. झाड तोडल्याने किंवा फटाके लावून थवा उठविल्याने वटवाघळे नष्ट होत नाहीत. ती विखुरतात, भुकेली व हैराण होतात आणि माणसाच्या अधिक जवळ येतात. ऑस्ट्रेलियात निपाहचाच भाऊबंद असलेल्या हेन्ड्रा विषाणूचा २५ वर्षांच्या नोंदींवरून अभ्यास झाला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगले तोडल्यामुळे वटवाघळांचे हिवाळ्यातील फुलोऱ्याचे अन्न गेले, ती गावाशेतांच्या आश्रयाला आली आणि विषाणू घोड्यांत संक्रमित होण्याचे प्रसंग वाढले. ज्या वर्षी उरलेल्या रानात भरघोस फुलोरा आला, त्या वर्षी असे प्रसंग घडले नाहीत. याचा अर्थ उघड आहे. पोट भरलेले, आपल्या रानात असलेले वटवाघूळ हेच माणसासाठी सुरक्षित वटवाघूळ होय.

आपण पाळायची पथ्ये साधी आहेत. पक्ष्यांनी वा वटवाघळांनी कुरतडलेले फळ खाऊ नये. झाडाखाली पडलेले फळ मुलांना उचलू देऊ नये. फळे धुऊन, सोलून खावीत. मेलेले किंवा जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, वनविभागाला कळवावे. विहिरी व पाण्याच्या टाक्या झाकून ठेवाव्यात. २०२० च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातील गोरखपूरजवळ अनेक वटवाघळे मरून पडली तेव्हा करोनाची आवई उठली होती. तपासणीत ती उष्म्याने मेल्याचे निष्पन्न झाले. नागपूरच्या उन्हाळ्याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यात आश्चर्य वाटू नये. अशा दिवसांत त्यांच्यासाठी सावली देणारे जुने वृक्ष आणि जवळ पाणवठा असणे, हीच खरी मदत.

फळबागायतदारांची तक्रारही खोटी नाही. पेरू, चिकू, द्राक्षाच्या बागेत रात्रीतून नुकसान होते. त्यावर उपाय म्हणजे जाळी, वेळेवर तोडणी आणि बागेच्या कडेला रानटी फळझाडे. बंदूक किंवा विष हा उपाय नव्हे.

बांधावरचे मजूर

परागवाहकांचा विषय मधमाशीशिवाय पूर्ण होत नाही. २०१६ मध्ये राष्ट्रसंघाशी संलग्न आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ-मंचाने सांगितले की, जगातील प्रमुख अन्नपिकांच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रकारांना कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीकरणाचा लाभ होतो. भोपळा, कारली, दोडकी, टरबूज यांची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. तेथे कीटकावाचून फळच नाही. तुरीच्या फुलावर मधमाश्यांबरोबर पाने कापणाऱ्या एकांड्या माश्याही राबतात. उंच टाक्यांवर, जुन्या इमारतींच्या छज्ज्याखाली लोंबणारे आग्यामोहोळ पाहून आपण घाबरतो. त्याच आग्या माश्या चांदण्या रात्रीही फुलांवर काम करतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या कामाची किंमत काय, हे विदर्भाच्या कापूस उत्पादकाला सांगावे लागू नये. १९७० साली भारतात कापसाचे पहिले व्यापारी संकरित वाण आले. त्याचे बियाणे करण्यासाठी संध्याकाळी एकेका कळीतील पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकेका फुलाला पराग लावावा लागतो. शेकडो हात लागतात, मजुरी लागते. निसर्ग हेच काम आपल्यासाठी दररोज विनामूल्य करतो आणि आपण त्याच्या मजुरांवर विष फवारतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे जीव गेले. त्या दुर्दैवी घटनेची चर्चा खूप झाली. पण ज्या औषधाने धडधाकट माणूस आडवा होतो, ते फुलावर बसलेल्या माशीचे काय करत असेल, हा प्रश्न त्या चर्चेत आलाच नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातील तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर मधमाश्यांच्या रक्षणासाठी बंद केला. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे, किडींचे आक्रमण वेगळे आहे. तरीही फुलोऱ्याच्या काळात फवारणी टाळणे आणि अपरिहार्य असेल तर माश्या मोहोळावर परतल्यानंतर, सूर्यास्ताच्या सुमारास करणे, एवढे कोणत्याही शेतकऱ्याला आज, उद्यापासून करता येण्याजोगे आहे.

मोहोळ जाळून मध काढण्याची पद्धतही आता सोडली पाहिजे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माश्या न मारता आग्यामोहोळाचा मध काढण्याचे प्रशिक्षण दिले आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथील माणसांनी आपल्या देशी सातेरी माशीला घराशेजारी जागा दिली आणि तिने त्यांना उपजीविका दिली. परदेशी जातीची माशी अधिक मध देते, हे खरे. पण १९९१ नंतर साथीच्या रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या, तेव्हा आपल्या रानफुलांना सवयीचा हा कीटक किती मोलाचा आहे, हे जाणवले. स्वदेशी हा शब्द आपण वस्तूंबाबत वापरतो, तो या माशीबाबतही आठवावा.

आपल्या हातात काय आहे?

या विषयात शासनाने काय करावे, याची यादी मोठी होईल. पण आपल्या वाचकांची रीत आधी स्वतःपासून सुरुवात करण्याची आहे. म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली, आपल्या वस्तीतील, गावातील वड, पिंपळ, उंबर, मोह, सावर यांची एक साधी नोंदवही करावी. झाड कोठे, घेर किती, कोणत्या महिन्यात पिकते, एवढे पुरे. शाळकरी मुले हे काम आनंदाने करतात, आणि पुढे तोडीचा अर्ज आला तर हीच वही पुरावा ठरते. दुसरी, वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात रोपांची संख्या सांगण्याऐवजी जाती सांगाव्यात, आणि त्यात उंबर असावा. तिसरी, ज्या झाडावर वटवाघळांचा थवा आहे, तेथे गावाने स्वतःहून संरक्षण द्यावे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील सरसई गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या वटवाघळांना गावाचे रक्षक मानून जपतात. त्यांना कोणा कायद्याने सांगितले नव्हते. चौथी, मंदिराच्या विश्वस्तांनी पाराला सिमेंटचा वेढा घालताना झाडाच्या मुळांना श्वास घेण्यापुरती माती ठेवावी.

विदर्भातील कारंजा हे श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तसंप्रदायाने औदुंबराला दैवताचे निवासस्थान मानले. दैवत जेथे राहते तेथे कोणाकोणाला थारा असतो? पारावर भक्त, फांदीवर पक्षी, फळात कीटक, रात्री वटवाघूळ. यांतले आपल्याला आवडतील तेवढेच ठेवून बाकीच्यांना घालवून देणे, ही भक्ती नव्हे, आपल्या सोयीने केलेली काटछाट आहे.

आमच्या वस्तीच्या दुसऱ्या सभेला नेहमीपेक्षा अधिक माणसे आली. चर्चा दोन तास चालली आणि सगळ्यांचे एकमत झाले असे मी म्हणणार नाही. मोटारी झाडाखालून हलविण्याचे ठरले. पिकण्याच्या दिवसांत रोज सकाळी सडा झाडून तो खतखड्ड्यात टाकण्याची पाळी घराघरांनी वाटून घेतली. पाण्याच्या टाक्यांना झाकणे बसली. तोडीचा अर्ज मात्र रद्द न होता ‘एक वर्ष स्थगित’ असा नोंदला गेला आहे. ज्या तरुण मातेने निपाहचा प्रश्न विचारला होता, तिने झाडणीची पहिली पाळी आपणहून घेतली. तिच्या मुलाने नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : उंबर, १, दत्तमंदिराजवळ. वर्षभरात त्या वहीत आणखी किती झाडे चढतात, यावर त्या अर्जाचे भवितव्य ठरेल.